कोयनेचा काठ विक्रीला काढण्याआधी

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे सह्याद्रीमुळे समुद्रापासून तुटलेले. सांगलीकर आंबा घाटाने रत्नागिरीला उतरतो, कराड-पाटणचा माणूस कुंभार्ली ओलांडून गुहागर गाठतो. पण त्या सहलीला धड मुक्काम लागतो. शनिवारी दुपारी निघून रविवारी रात्री घरी यायचे, तर आता अनेकांची गाडी वळते ती बामणोलीकडे किंवा तापोळ्याकडे. कास पठार मागे टाकून घाट उतरला की शिवसागराचे, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचे, पाणी दिसू लागते. पलीकडे वासोट्याचे रान, घाटावर लावलेल्या लाँच, चुलीवरची भाकरी आणि ताटात धरणातला मासा. आडवाटेच्या कोळीवाड्यात माणूस जे शोधायला जातो, ते सारे इथे दीड तासाच्या अंतरावर मिळते. तापोळ्याला कोणीतरी 'मिनी काश्मीर' म्हणून ठेवले आहे. आपल्याकडे पाणी आणि डोंगर एकत्र दिसले की काश्मीर आठवायची जुनी खोड आहे. सोळशी आणि कांदाटीच्या खोऱ्यांना स्वतःचे नाव पुरेसे होते.

या काठाचे पुढच्या दहा वर्षांत काय होणार, याचे निर्णय सध्या चालू आहेत. ते ज्या क्रमाने होत आहेत तो क्रम उलटा आहे, आणि त्याची किंमत जितकी तापोळ्याला मोजावी लागेल तितकीच सांगलीलाही.

आधी हा काठ कशाने तयार झाला ते पाहू. कोयना धरणाचे काम १९५४ च्या सुमारास सुरू झाले आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडले. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे आज १०५.२५ टीएमसी पाणी साठते. त्यासाठी शंभराच्या आसपास गावे उठली. भातखाचरे आणि देवळे पाण्याखाली गेली. काही कुटुंबे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडे पांगली, काही वर सरकून डोंगराच्या उतारावर राहिली. आज ज्याला आपण काठावरचे गाव म्हणतो, ते बहुतेक ठिकाणी असे वर सरकलेले गाव आहे. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले, २०१० मध्ये चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्यातही गावे उठली, उरलेल्यांवर बंधने आली. पुनर्वसनाची मागणी घेऊन धरणग्रस्तांनी कोयनानगरला ठिय्या द्यायचा आणि आश्वासन घेऊन उठायचे, हे गेल्या काही वर्षांतही घडले आहे. एका पिढीचे राहिलेले प्रश्न दुसरी पिढी मांडत आहे, आणि त्याच खोऱ्याच्या नकाशावर आता रिसॉर्टचे पट्टे रंगवले जात आहेत.

समुद्राचा किनारा भरती-ओहोटीला हलतो आणि परत जागेवर येतो. हा काठ वर्षभर सरकत असतो. ऑक्टोबरात पाणी पायरीला लागलेले असते. वीजनिर्मिती आणि सिंचनासाठी ते उपसत जाते, तसे मेअखेर पाणी ऐंशी-शंभर फूट खाली गेलेले असते. उन्हाळ्यात बामणोलीच्या घाटावरून पाण्यापर्यंत जायला लाल, भेगाळलेल्या गाळाचा उतार उतरावा लागतो. त्या उतारावर जुन्या झाडांची काळी पडलेली खुंटे आणि घरांची जोती दिसतात. अलीकडे त्यांच्या जोडीला थर्माकोलच्या पत्रावळ्या, फुटक्या बाटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटे असतात. पावसाळ्यात पाणी चढते आणि हा सगळा ऐवज आत घेते. वर्षातून एकदा काठ आपोआप 'स्वच्छ' होतो. गोळा करून कुठे न्यावा लागत नाही, म्हणून त्याची कुणाला चिंताही वाटत नाही.

ते पाणी पुढे जाते कुठे? कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवायला मुभा दिली. ते पोफळीच्या वीजगृहातून उतरून वाशिष्ठीला मिळते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाते. उरलेले पाणी पायथ्याच्या वीजगृहातून आणि सांडव्यावरून कोयना नदीत येते, कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत मिसळते, आणि तिथून पुढे ते सांगलीचे पाणी असते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या तिन्ही उपसा योजना त्यावर उभ्या आहेत. आटपाडीच्या डाळिंबाला आणि तासगावच्या द्राक्षाला उन्हाळ्यात जे पाणी पोचते, त्यात कोयनेचा वाटा मोठा. २०२३ साली पाऊस कमी झाला तेव्हा कोयनेतून पाणी सोडण्यावरून सातारा आणि सांगलीचे पुढारी जाहीरपणे एकमेकांसमोर उभे राहिले होते. किती पाणी सुटणार यावर एवढी भांडणे झाली. कसे पाणी सुटणार, हा प्रश्न कोणाच्याच तोंडी नव्हता. सांगलीहून तापोळ्याला सहलीला जाणारा माणूस आपल्याच घरावरच्या टाकीत पोहायला निघालेला असतो, आणि त्याला ते कोणी सांगितलेले नसते.

यावर नेहमी येणारे उत्तर असे की शंभर टीएमसी पाण्यात दहा-वीस हॉटेलांचे सांडपाणी म्हणजे दर्यामें खसखस. दहा-वीस हॉटेले असतील तोवर ते खरेही आहे. पण पाण्याचा साठा आणि पाण्याचा काठ या वेगळ्या गोष्टी आहेत. जलाशयाची मधली खोली प्रचंड असली तरी तापोळ्याकडचे टोक हे शेपूट आहे. तिथे सोळशी, कांदाटी आणि कोयनेच्या निमुळत्या फाट्यांत उन्हाळ्यात पाणी उथळ होते, जवळपास थांबते. मुक्कामाची गर्दीही नेमकी तेव्हाच, मे महिन्यात. इथली जमीन म्हणजे वर हात-दोन हात माती आणि खाली कातळ. त्यात खणलेल्या शोषखड्ड्यातले पाणी खाली मुरत नाही. कातळाच्या वरून, उताराच्या बाजूने ते धरणाकडे चालू लागते. कागदावर 'शोषखड्डा आहे' अशी नोंद होते आणि परवानगीचे काम भागते. पवना धरणाच्या काठावर तंबूंची जी रांग लागली ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना इथले चित्र रंगवून दाखवायला नको. तिथेही पिण्याचे पाणी दुसऱ्याचे, म्हणजे पिंपरी-चिंचवडचे. आणि रात्रभर काठावर वाजणारे स्पीकर आणखी कुणाचे तरी.

समुद्रकाठच्या गावाला निदान एक कायदा आहे. १९९१ पासून सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राची, अधिसूचना आहे. ती २०११ आणि २०१९ मध्ये बदलली, सैल झाली, मोडलीही जाते. पण भरतीच्या रेषेपासून अमुक अंतरात बांधू नका, असे म्हणायला कागद आहे आणि तो घेऊन कोर्टात जाता येते. धरणाच्या काठाला असा कागद नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. जलसंपदा विभागाची हद्द संपादन रेषेपाशी संपते. त्या रेषेच्या वर दहा फुटांवर काय उभे राहते, याच्याशी त्या खात्याला देणेघेणे नसते. महाबळेश्वर-पाचगणीला २००१ पासून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचे कवच आहे, पण ते सगळ्या खोऱ्याला पुरत नाही. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना तर मसुद्याच्या पुढे सरकतच नाही. जुलै २०२४ मध्ये सहावा मसुदा निघाला. युनेस्कोने २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली आणि राधानगरीला जागतिक वारशात घेतले तेव्हा आपण पेढे वाटले. तो मान जंगलाचा होता. जंगल आणि पाणी यांच्या मधली जी पट्टी आहे, जिथे माणसे राहतात आणि जिथे आता खोल्या बांधायच्या आहेत, ती या सगळ्या कागदांच्या फटीत पडली आहे.

त्या फटीत 'नवीन महाबळेश्वर' हा गिरिस्थान प्रकल्प येत आहे. राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमून सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतली २३५ गावे, सुमारे १,१५३ चौरस किलोमीटर, त्याच्या हाती सोपवली गेली. रस्ते बांधणाऱ्या महामंडळाने डोंगराचे नियोजन करावे यातच पुष्कळ काही आले. मुनावळ्याला जलपर्यटन केंद्र झाले आहे, तापोळ्याहून अहीरला जाणाऱ्या मोठ्या पुलाचे काम निघाले आहे. आज गाड्या तराफ्यावर चढवून पलीकडे नेतात. तराफ्याची रांग हा काठच्या माणसाला जाच आहे, हे मान्य. पण कांदाटी खोरे आजवर टिकले त्यात त्या रांगेचा वाटा आहे, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. पूल झाला की रांग संपेल आणि खोऱ्याचा दरवाजा सताड उघडेल. तो उघडण्याआधी आतल्या घराची आवराआवर व्हायला हवी होती.

धरणाच्या काठी शहर वसवण्याचा प्रयोग महाराष्ट्राने याआधी एकदा केला आहे. वरसगावच्या फुगवट्यावर लवासा उभी राहिली. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावले आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुढे कोण जिंकले-हरले हे बाजूला ठेवू. कापलेले डोंगर पुन्हा जोडता येत नाहीत आणि विकलेली शेते मोसे खोऱ्यातल्या माणसाला परत मिळत नाहीत, एवढे तिथे जाऊन कोणालाही दिसते.

जमिनीचे व्यवहार कसे होतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. जावळी-महाबळेश्वरच्या या पट्ट्यातला कर्ता पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईत. आधी गिरणीत, मग मसाला बाजारात माथाडी, आता रिक्षा किंवा कुरिअर. गावातल्या जमिनीचा सातबारा आजोबांच्या नावावरून खाली आलेला, सामाईक, त्यावर वीस-पंचवीस वारसांची नावे. वाटणी कधी झालीच नाही, कारण वाटण्यासारखे काही पिकतच नव्हते. एजंट घाटकोपरला किंवा कोपरखैरण्याला एका वारसाच्या घरी जातो, मुलीच्या लग्नाच्या वर्षी जातो, आणि कुलमुखत्यारपत्रावर सही घेऊन येतो. एका हिस्सेदाराची सही मिळाली की बाकीच्यांना 'तुमचा हिस्सा अडकेल' ही भीती पुरते. गावात राहिलेल्या म्हाताऱ्या चुलत्याला हे कळते ते मोजणीचे दगड रोवायला माणसे येतात तेव्हा. २०२४ मध्ये कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीत शेकडो एकर जमीन मोजक्या हातांत गेल्याच्या तक्रारी झाल्या आणि प्रकरण चौकशीत गेले. राज्यात कमाल जमीन धारणेचा कायदा १९६१ पासून आहे. इतकी वर्षे तो या खोऱ्यात कोणाला आठवला नाही, कारण इथली जमीन कोणाला नको होती.

डोंगराची बाजू तर अजून बाकीच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, आणि धरणाच्या पाण्याने भूकंप होऊ शकतो का, या प्रश्नावरच्या जगभरच्या अभ्यासात कोयनेचे नाव कायमचे लागले. लहानमोठे धक्के आजही बसतात. २२ जुलै २०२१ च्या पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वस्त्यांवर दरडी आल्या. मिरगाव कोयनेचेच. ही गावे तिथे रिसॉर्ट झाल्याने गेली असे कोणी म्हणणार नाही. ती बिचारी साधी गावे होती. पण न कापलेला डोंगर ज्या पावसात खाली येतो, त्या पावसात जेसीबीने पायथा कापलेला डोंगर किती धरेल, याचा हिशेब आराखडा काढणाऱ्यांनी मांडून दाखवायला हवा. पाण्याचा 'व्ह्यू' मिळावा म्हणून खोली उताराच्या तोंडावर बांधली जाते. म्हणजे जिथे बांधू नये, नेमका तिथलाच दर जास्त.

पाण्याविषयीही आपण घाटावरची माणसे गाफील असतो. कृष्णेच्या डोहात पोहलेल्या माणसाला वाटते की हे पाणी तर वाहतही नाही, मग भीती कसली. या जलाशयाचा तळ म्हणजे बुडालेला डोंगर आहे. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल टाकले की जुन्या शेताचा बांध संपतो आणि खाली पुरुषभर पाणी असते. गाळात पाय रुततो तो वेगळाच. दुपारनंतर खोऱ्यातून वारा सुटला की मधल्या पात्रात लाँच चांगली हेलकावते. २४ मे २०२२ ला तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली, दोघे गेले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला जीव वाचवायला निघालेल्या माणसांची बोट उलटली. बोटीत माणसे जास्त होती. सांगली जिल्ह्याला हे दुःख ठाऊक आहे. तरीही बामणोलीच्या घाटावर 'अजून दोघं बसतील की' हे वाक्य पुष्कळदा पर्यटकाच्याच तोंडून येते, लाँचवाल्याच्या नव्हे. लाइफ जॅकेट अंगात घालायचे असते, मांडीवर ठेवायचे नसते, हेही त्याला लाँचवाल्यानेच सांगायचे, आणि वर पैसे त्याच्याकडूनच घ्यायचे.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. तापोळ्याचा तरुण विचारतो: धरण तुमच्या विजेसाठी झाले, अभयारण्य तुमच्या हवेसाठी झाले, आता चार पैसे आमच्या हातात यायची वेळ आली तेव्हाच तुम्हाला पर्यावरण आठवते का? बाळंतीण अडली तर लाँचची वाट बघायची कोणी? या प्रश्नाला शहरातल्या लेखकाने उत्तर देताना सांभाळून बोलावे. रस्ता हवा, दवाखाना हवा, आणि घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन मुलगा गावात राहत असेल तर ते खोऱ्याच्या भल्याचेच आहे. पण प्राधिकरणाच्या आराखड्यातला पर्यटक आणि या दोन खोल्यांचा पाहुणा एकच नव्हे. मोठ्या रिसॉर्टमध्ये त्या मुलाला वॉचमनची नोकरी मिळेल, तीही त्याच्याच विकलेल्या जमिनीवर. मासेमारीचेही तसेच. खवल्या, म्हणजे महसीर, पावसाळ्यात ओढ्यांच्या वर चढून गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. रस्त्याचा आणि पायाभरणीचा मलबा ओढ्यात लोटला की ते गोटे गाळाखाली जातात. जाळे टाकायच्या जागेवरून दिवसभर जेट-स्की फिरू लागल्या, तर जाळेवाल्याने कोणाकडे जायचे? ताटातल्या माशाच्या ओढीने आलेल्या गर्दीला मग बाहेरून आणलेला बर्फातला मासा वाढला जाईल, आणि तिला त्यातला फरक कळणारही नाही.

मर्यादा घालून पर्यटन चालवता येते, याचे धडे दूर शोधायची गरज नाही. कासला फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे, शुल्क आहे, आणि व्यवस्था आजूबाजूच्या गावांच्या समितीच्या हाती आहे. तिथेही चुका झाल्या, रस्त्याकडेच्या बांधकामांवरून अजून भांडणे चालू आहेत. पण 'आता पुरे' म्हणायला कोणीतरी गेटवर उभा आहे. वासोट्याला जाताना मेट इंदवलीला वनखात्याचा माणूस पिशवी उघडायला लावतो, प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजतो, अनामत घेतो आणि परतताना तितक्याच बाटल्या दाखवल्या तर ती परत देतो. हे काम एक वही आणि एक बॉलपेन एवढ्यावर चालते. खऱ्याखुऱ्या समुद्रकाठी, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून कासवांची घरटी राखली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावकऱ्यांच्या घरात उतरू लागले. तिथे पैसा गावात राहिला, कारण खोल्या गावाच्याच होत्या.

कोयनाकाठी याची सुरुवात करायला नवा कायदाही लागत नाही. प्राधिकरणाने आराखड्यात पूर्ण संचय पातळीपासून वर एक पट्टी आखावी आणि त्यात नवे बांधकाम नको असे लिहावे. खोल्यांच्या संख्येला सांडपाणी प्रक्रियेच्या क्षमतेची अट घालावी, आणि आधी प्रक्रिया केंद्र चालू झालेले दाखवावे. दरडींचा नकाशा आराखड्याच्या नकाशावर ठेवून दोन्ही सोबत प्रसिद्ध करावेत. जमीन हस्तांतराची नोंद ग्रामसभेपुढे वाचली जावी, मुंबईतल्या वारसांना ती कळेल अशी. मोटारबोटींचे पाणी आणि जाळ्यांचे पाणी वेगळे आखावे. यातले काहीही अवघड नाही. अवघड आहे ते पूल आणि रस्त्याच्या आधी हे करणे, कारण पुलाचे उद्घाटन होते, सांडपाण्याच्या केंद्राचे सहसा होत नाही.

आणि हरकत फक्त २३५ गावांनी घ्यावी अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. त्या गावांतला अर्धा मतदार मुंबईत आहे आणि उरलेल्या अर्ध्याला रस्ता हवा आहे. प्राधिकरणाची हद्द खोऱ्यात संपत असली तरी पाणी कराड, इस्लामपूर, पलूस, सांगली, मिरज असे पुढे जाते. या गावांच्या नगरपालिका आणि महापालिका, टेंभू-ताकारी-म्हैसाळच्या पाणीवापर संस्था, द्राक्ष आणि डाळिंब बागाईतदार यांना तापोळ्याच्या आराखड्यावर बोलायचा पुरता हक्क आहे. २०२३ मध्ये पाण्याच्या आवर्तनासाठी जे पुढारी साताऱ्याशी भांडले, त्यांनी या हरकतीवर सही करून आपापल्या नावाने ती दाखल करावी.